बाळंतपणाच्या रजेचा पगार देणार कोण, मालक की सरकार?

पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. मी बेळगावजवळ मच्छे इथल्या एका पॅकिंग युनिटमध्ये अकाउंट्स बघते. आम्ही २२ जण आहोत. चार वर्षं झाली, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पहिल्यापासून कापतात. पगार १९,५०० होता, दिवाळीनंतर नोव्हेंबरपासून २१,५०० केला आणि त्याच महिन्यापासून ईएसआय बंद केलं. मला पहिलं बाळ होणार आहे, डॉक्टरांनी १० मार्च तारीख दिली आहे. रजेचं विचारल्यावर मालक आधी म्हणाले, 'बारा आठवडे आम्ही देतो, बाकीचे चौदा सरकार देतं, ते तू घे.' आठ दिवसांनी म्हणाले, 'सरकार सात आठवड्यांचे पैसे परत देतं म्हणे, ते आले की बघू.' नक्की कोणी किती द्यायचं? बाळंतपणाला मी माहेरी चंदगड तालुक्यात जाणार, म्हणजे महाराष्ट्रात. तिकडे ईएसआय चालतं का? माझ्या जाऊबाई एका पतसंस्थेत आहेत, पगार ३४,००० आहे, त्यांनाही मे महिन्यात बाळ होणार आहे. संस्था म्हणते, 'परत कामावर येणार असं बाँडवर लिहून द्या, तरच पगार.' त्यांचंही सांगावं."

ताई, तुमच्या मालकांच्या दोन्ही बोलण्यांना कायद्यात आधार नाही. बारा मालकाचे आणि चौदा सरकारचे अशी वाटणी आपल्याकडे कुठेच लिहिलेली नाही. नोकरदार बाईच्या प्रसूती रजेचा पगार दोनच ठिकाणांहून येतो. तिला ईएसआयचं संरक्षण असेल तर सगळीच्या सगळी रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. नसेल तर सगळीच्या सगळी मालक देतो. अर्धी इकडून, अर्धी तिकडून असं होत नाही. तुमची रक्कम ईएसआयकडून येणार आणि जाऊबाईंची संस्थेकडून. म्हणून खाली दोघींचं वेगवेगळं लिहिलं आहे.

आधी सात आठवड्यांची गोष्ट संपवू, कारण ती बऱ्याच कारखान्यांत अजून सांगितली जाते. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, तेव्हा लहान मालकांची तक्रार होती की हा बोजा आमच्या एकट्याच्या डोक्यावर का? त्यावर २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय श्रम मंत्रालयाने जाहीर केलं, की सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना आखतो आहोत. ती योजना प्रत्यक्षात आली नाही. पेपरात बातमी आली तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. तेव्हा "ते पैसे आले की बघू" या वाक्यावर थांबू नका.

मालकांची मूळ तक्रार मात्र चुकीची नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारातही हेच म्हटलं आहे, की प्रसूतीचा पगार विम्यातून किंवा सरकारी निधीतून द्यावा, एकट्या मालकावर टाकू नये. कारण उघड आहे. सगळा खर्च एकाच दुकानावर पडला की तो मालक पुढच्या वेळी लग्नाच्या वयाची मुलगी कामावर घेतानाच मागेपुढे बघतो. आपल्याकडे या विचाराने चालणारी व्यवस्था म्हणजे ईएसआय. त्यात बोजा सगळ्यांत वाटला जातो आणि दर महिन्याला थोडाथोडा भरला जातो.

तुमच्याच पगारावर हिशेब करून दाखवतो. १९,५०० रुपयांवर मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ६३४ रुपये. तुमचा ०.७५ टक्के, म्हणजे १४७ रुपये. (पैसे वरच्या रुपयात धरतात.) महिन्याला दोघांचे मिळून ७८१ रुपये. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे आहेत. पुरुष कामगारांचेही असेच पैसे त्या निधीत जातात आणि त्यातून बाळंतिणीला पूर्ण पगार मिळतो. म्हणजे तुमच्या मालकांनी आपला वाटा चार वर्षं भरलेलाच आहे. त्यांना आता खिशातून काही द्यायचं नाही. हे त्यांना नीट समजावून सांगितलंत तर निम्मा वाद तिथेच मिटेल, कारण बहुतेक मालक घाबरतात ते एकरकमी लाख-सव्वा लाखाला.

यात सरकार कुठे येतं? ईएसआयच्या दवाखान्यांच्या खर्चाचा ठरलेल्या मर्यादेपर्यंत आठवा हिस्सा राज्य सरकार उचलतं, आपल्या बाबतीत कर्नाटक सरकार. रोख रकमेत, म्हणजे तुमच्या रजेच्या पगारात, सरकारचा एक रुपयाही नसतो. ती तुमच्याच विम्याची रक्कम आहे, कोणी मेहरबानी म्हणून देत नाही.

आता २१,५०० चा घोळ. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे हे खरं, पण ती ओलांडल्याबरोबर त्याच महिन्यात माणूस बाहेर पडत नाही. ईएसआयचं वर्ष दोन अंशदान (म्हणजे वर्गणी) काळांत विभागलेलं असतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काळ सुरू होताना पगार मर्यादेत असेल आणि मध्येच वाढला, तर तो काळ संपेपर्यंत विमा चालूच राहतो आणि कपात वाढीव पगारावर होते. १ ऑक्टोबरला तुमचा पगार १९,५०० होता. वाढ नोव्हेंबरात झाली. म्हणजे ३१ मार्चपर्यंत तुमची कपात व्हायलाच हवी: मालकाचे ६९९, तुमचे १६२. नोव्हेंबरचा भरणा १५ डिसेंबरपर्यंत करायचा होता. तो राहिला असेल तर मालकांनी उशिराच्या व्याजासह भरावा. तुम्ही अकाउंट्स बघता, तेव्हा कदाचित हे तुमच्याच हातातून जात असेल. मासिक भरणा करताना तुमच्या नावापुढे "संरक्षणाबाहेर" किंवा "नोकरी सोडली" असं कारण निवडलं गेलं आहे का, ते आजच बघा. ते निवडलं की पोर्टलवर तुमचं खातं बंद दिसतं, दवाखान्यात कार्ड चालत नाही आणि रजेचा दावा तिथेच अडतो. रजेवर गेल्यावरसुद्धा दर महिन्याला तुमच्या नावापुढे शून्य दिवस आणि कारण "रजेवर" असंच गेलं पाहिजे. तुमच्या जागी जो कोणी हे काम बघणार असेल त्याला हे जाण्याआधी लिहून द्या. बाळंतिणींचे दावे या एका चुकीच्या निवडीने अडू शकतात.

तुमची पात्रता पक्की आहे का? प्रसूती १ जानेवारी ते ३० जून या लाभ काळात होणार. त्यासाठी आधीचे दोन अंशदान काळ बघतात, म्हणजे मागच्या ऑक्टोबर ते मार्च आणि यंदाच्या एप्रिल ते सप्टेंबर. त्यात मिळून ७० दिवसांचं अंशदान हवं. तुमचं जवळजवळ पूर्ण वर्षाचं आहे. पात्रता प्रसूतीच्या तारखेवर ठरते. रजा जुलैपर्यंत गेली आणि एप्रिलपासून तुम्ही मर्यादेबाहेर गेलात, तरी त्याने फरक पडत नाही. एकदा हक्क लागू झाला की २६ आठवडे पूर्ण मिळतात. नोव्हेंबरचा भरणा चुकला म्हणून या बाळंतपणाची रक्कम कमी होणार नाही, पण कार्ड बंद पडून उपचारांना आणि दाव्याला अडथळा येईल. म्हणून तो दुरुस्त करायलाच हवा.

रक्कम किती? एप्रिल ते सप्टेंबरचा सरासरी रोजचा पगार धरतात. १९,५०० गुणिले ६ म्हणजे १,१७,०००. भागिले १८३ दिवस म्हणजे ६३९ रुपये ३४ पैसे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. एकूण सुमारे १,१६,३६० रुपये. २१,५०० चा नवा पगार या हिशेबात येत नाही, कारण वाढ त्या काळानंतर झाली. फरक भरून द्यायला कायदा मालकाला भाग पाडत नाही. मागायला हरकत नाही, पण हक्क म्हणून मागता येणार नाही. याच पगारावर आजारपणाचा लाभ ७० टक्के दराने मिळतो, प्रसूतीचा पूर्ण १०० टक्के, हे लक्षात असू द्या. कारण एखाद्या वेळी कार्यालयातला माणूस चुकून आजारपणाचा दावा भरायला सांगतो.

रजेची तारीख. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या जास्तीत जास्त आठ आठवडे आधी रजा सुरू करता येते. १० मार्चपासून मागे मोजलं तर १३ जानेवारी येते. तेव्हापासून घेतलीत तर शेवटचा दिवस १३ जुलै. १० फेब्रुवारीपासून घेतलीत तर १० ऑगस्ट. आधी कमी घेतलेली रजा नंतर बाळासोबत मिळते. म्हणून तब्येत साथ देत असेल तर फेब्रुवारीपर्यंत काम करणं फायद्याचं. पण ओटीभरण उरकून लगेच माहेरी जायचं ठरलं असेल आणि रोज बसने मच्छेला जाणं जड जात असेल, तर उगाच दिवस वाचवू नका. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तुम्हाला कामावर बोलावणं बेकायदा आहे, घरून हिशेब करायला सांगणंसुद्धा. शिवाय त्या दिवसांत पैसे घेऊन काम केलंत तर त्या दिवसांचा लाभ जातो. मार्च महिना अकाउंट्सवाल्यांचा, म्हणून "फोनवर तेवढं सांगत जा" अशी मागणी येईल. एखादी फाईल कुठे आहे हे सांगणं निराळं आणि वर्षअखेरीचे हिशेब घालत बसणं निराळं. दुसरं करू नका.

चंदगडचं बघू. शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं, विमा बदलत नाही. ईएसआय केंद्राच्या कायद्याने चालतं आणि तुमचं ई-पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) महाराष्ट्रातही तेच. पण दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. एक, बेळगाव सोडण्यापूर्वी तुमच्या नेमलेल्या दवाखान्यात किंवा अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयात गर्भारपणाची नोंद करून डॉक्टरांकडून अपेक्षित प्रसूतीचा दाखला घ्या. त्यावर १० मार्च ही तारीख आणि विमा क्रमांक दोन्ही नीट आहेत ना, बघा. सरळ माहेरी गेलात आणि बाळ झाल्यावर नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन आलात तर पैसे बुडत नाहीत, पण कागदांसाठी दोनतीन खेपा वाढतात. ओल्या बाळंतिणीला किंवा तिच्या आईला त्या खेपा का घालायला लावायच्या?

दोन, प्रसूती ईएसआयची सोय नसलेल्या ठिकाणी झाली, तर प्रसूती खर्च म्हणून ७,५०० रुपये वेगळे मिळतात. ही रक्कम पहिल्या दोन बाळंतपणांना मिळते. रजेच्या पगाराशी तिचा संबंध नाही. त्यासाठी खासगी किंवा ग्रामीण रुग्णालयाचा प्रसूती दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला लागतो. जवळपास ईएसआयचं मोठं रुग्णालय हवंच असेल तर कोल्हापूरला आहे. पण चंदगडच्या आतल्या गावातून अडल्या वेळी कोल्हापूर लांब पडतं, बेळगाव जवळ. शेवटच्या आठवड्यांत काही गुंतागुंत असेल असं डॉक्टर म्हणाले, तर माहेरपण जरा बाजूला ठेवून बेळगावातच राहिलेलं बरं.

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मेल तिथेच होते, २१ दिवसांत. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी असतो, तो बेळगावच्या कार्यालयात चालतो. फक्त नावाकडे लक्ष द्या. माहेरच्या दवाखान्यात ओळखीची नर्स सवयीने माहेरचं आडनाव लिहून टाकते आणि ईएसआय कार्डावर सासरचं असतं. मग "ही बाई तीच कशावरून" म्हणून शपथपत्र मागतात. दाखल होतानाच आधार कार्ड दाखवून कार्डावरचंच नाव लिहायला सांगा. तुमचं स्वतःचंही तपासा: लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पण ईएसआयवर माहेरचंच राहिलं, असं फार जणींचं असतं. ती दुरुस्ती मालकामार्फत होते आणि तिला वेळ लागतो. जानेवारीची वाट बघू नका.

तसंच बँक खातं. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं, आधारला जोडलेलं असावं. बेळगाव भागात पुष्कळांची खाती पूर्वीच्या सिंडिकेट बँकेत होती. ती २०२० साली कॅनरा बँकेत गेली आणि जुने आयएफएससी (बँक शाखेचे कोड) १ जुलै २०२१ पासून चालत नाहीत. पगार नव्या कोडने येत राहतो, पण ईएसआयकडे जुनाच कोड पडून असतो. दावा मंजूर होतो आणि पैसे परत फिरतात. पासबुकाचं पहिलं पान उघडून पोर्टलवरच्या कोडशी जुळवून बघा.

दावा आता विमाधारकांच्या पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. कागदावर करायचा तर फॉर्म १९, बेळगावच्या शाखा कार्यालयात. वरचं उपक्षेत्रीय कार्यालय हुबळीला आहे, तक्रार तिकडे जाते. सोबत मालकाने "या तारखेपासून ही बाई कामावर नाही" असं पडताळून द्यावं लागतं. ते पत्र मालकाकडून रजेच्या पहिल्याच दिवशी घ्या. प्रसूतीपूर्वीच्या दिवसांचा दावा अपेक्षित तारखेच्या दाखल्यावर होतो, पुढचा प्रसूतीच्या दाखल्यावर. कागद पूर्ण असतील तर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा महामंडळाचा नियम आहे. दावा वर्षाच्या आत केला नाही तर हक्कच अडचणीत येतो, पण तुम्ही एवढं लांबवणार नाही. अर्ज इंग्रजीत भरा. कन्नड येत असेल तर उत्तमच, तिथल्या लोकांशी काम लवकर होतं. नसेल तर कोणाकडून तरी लिहून घ्या, पण सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या. आणि प्रत्येक कागदाची पोच, शिक्क्यासह.

मालक तरीही "राजीनामा दे, नंतर परत घेतो" म्हणाले तर सही करू नका. रजेच्या काळात काढून टाकणं कायद्याने गुन्हा आहे. पण राजीनामा तुमच्या हाताने लिहिलेला असला की तो गुन्हा सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

आता जाऊबाई. त्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर, म्हणून २६ आठवड्यांचा पगार पूर्णपणे पतसंस्थेने द्यायचा. त्यात सरकार नाही, ईएसआय नाही. दुकानं आणि संस्थांना प्रसूती लाभाचा कायदा १० किंवा जास्त माणसं असली की लागतो. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० माणसं होती, तरी पुरे. पिग्मी (रोजची बचत) गोळा करणाऱ्या एजंटांना मोजायचं की नाही यावर संस्था वाद घालते, पण शाखा, हेड ऑफिस, शिपाई, वॉचमन धरले तरी बहुतेक पतसंस्था दहाच्या पुढे जातात. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. भरपगारी सुट्ट्याही त्यात धरतात.

कायदा कुठला म्हणाल, तर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हक्क तेच राहिले: पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, दोन किंवा जास्त मुलं हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२, गर्भपात झाल्यास सहा आठवडे, प्रसूतीमुळे आजार झाला तर आणखी एक महिना. बदलली आहे ती "पगार" या शब्दाची व्याख्या, आणि ती जाऊबाईंनी समजून घ्यायला हवी. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ताही धरला जायचा. नव्या संहितेत मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात. घरभाडं, प्रवास असे भत्ते वगळतात. मात्र वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग पगारात मिळवतात.

समजा जाऊबाईंच्या ३४,००० पैकी मूळ पगार आणि महागाई भत्ता २४,००० आणि बाकी भत्ते १०,०००. निम्मे म्हणजे १७,०००. भत्ते त्याच्या आत आहेत, तेव्हा पगार २४,०००. सहा महिन्यांचे साधारण १,४४,०००. ही कायद्याची किमान रेषा. संस्थेच्या सेवानियमांत "पूर्ण पगारी प्रसूती रजा" असं लिहिलं असेल तर ३४,००० प्रमाणे मिळतात. म्हणून पगाराच्या पावतीइतकंच सेवानियमांचं पुस्तक महत्त्वाचं. ते मागून घ्या, ते दाखवायला संस्थेने कां-कूं करण्याचं कारण नाही.

प्रसूतीपूर्वीच्या दिवसांचा पगार गर्भारपणाच्या दाखल्यावर आगाऊ द्यायचा आणि उरलेला प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. व्यवहारात बऱ्याच संस्था दर महिन्याला पगारासारखा देतात. जाऊबाईंना ते सोयीचं वाटत असेल तर चालेल, पण तारखा लिहून घ्याव्यात. संस्थेने बाळंतपणाची औषधपाण्याची सोय फुकट केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. हा बोनस मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

बाँड देऊ नये. हक्क परत येण्यावर अवलंबून नाही. कायद्याने दिलेला लाभ कमी करणारा करार सही केला तरी टिकत नाही. पण सही केलेला कागद पुढे दबाव आणायला वापरतात, म्हणून मुळातच करू नये. पैसे नाकारले तर बेळगावच्या श्रम खात्याच्या कार्यालयात निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते. नोकरीवरून काढलं तर ६० दिवसांत दाद मागावी लागते. बाळ सांभाळताना ते दिवस कसे जातात कळत नाही, तेव्हा घरातल्या कोणीतरी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

तुमच्या युनिटमध्ये रोजंदारीवरच्या बायका असतील, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट जरूर सांगा, विशेषतः ज्यांना प्रसूतीचे पैसे ईएसआय नाही, मालक स्वतः देतो त्यांच्यासाठी. रोजचा पगार ५५० रुपये असेल तर मालक बहुधा आठवड्याचे सहाच दिवस धरतो: १५६ दिवस, ८५,८०० रुपये. हे चूक आहे. बी. शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं, की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारही धरायचा. १८२ दिवसांचे १,००,१०० होतात. १४,३०० रुपयांचा फरक पडतो. एवढ्यात बाळाचं पहिल्या वर्षाचं दूध आणि औषधं निघतात.

दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात काम करणारी, किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात घरात मागावर बसणारी बाई या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर राहते. तिच्यासाठी मात्र खरोखर सरकारी पैसा आहे: प्रधानमंत्री मातृवंदना योजना, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. पहिल्या बाळाला ५,०००, त्यातले ३,००० गर्भारपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, २,००० जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडीत तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदणी कार्ड), आधार आणि स्वतःचं खातं घेऊन जायचं. तुम्हाला आणि जाऊबाईंना मात्र ही रक्कम मिळणार नाही, कारण दुसऱ्या कायद्याने पगारी रजा मिळते त्यांना ती लागू नाही. अंगणवाडीताईंनी भरा म्हटलं तरी भरू नका, नंतर वसुली निघते. सहा महिन्यांच्या पगारापुढे पाच हजार किती अपुरे आहेत, ते सांगायला नको. सगळ्यात जास्त गरज असलेल्या बाईला सगळ्यात कमी मिळतं, आणि हे बदलायला हवं.

जाऊबाईंनी संस्थेला द्यायच्या पत्राचा मजकूर इथे देतो. अपेक्षित तारखेच्या आठ आठवडे आधीपर्यंत द्यावं, म्हणजे मार्च महिन्यात. उशीर झाला तरी हक्क जात नाही. इंग्रजीत करून दोन प्रती काढाव्यात, एकीवर पोच घ्यावी:

"मा. व्यवस्थापक यांस. मी आपल्या संस्थेत अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहे. या काळात मी दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या सहाव्या प्रकरणानुसार २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ आणि वैद्यकीय बोनस माझ्या सोबतच्या खात्यात जमा करावा. मी स्वतः घेऊ न शकल्यास रक्कम अमुक यांना द्यावी. कळावे."

शेवटच्या "अमुक"च्या जागी नाव लिहायलाच हवं. बहुतेक जणी ती जागा मोकळी सोडतात. नवऱ्याचं, आईचं, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांचं लिहावं.